लग्नाचा दाखला की डीएनए?

खानापूर-निपाणीकडची कितीतरी लग्नं सीमेपलीकडे, चंदगड-कोल्हापुरात लागतात. दाखला महाराष्ट्राचा असला तरी बेळगावच्या कोर्टात तो चालतो, आणि मुलाचा बाप ठरवायला तोच मोठा आधार. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 116 नुसार (जुन्या पुरावा कायद्यात कलम 112) वैध लग्न टिकून असताना, किंवा मोडल्यावर 280 दिवसांत आईने दुसरं लग्न केलेलं नसताना जन्मलेलं मूल त्या नवऱ्याचंच. हे खोडायचं तर त्या काळात दोघांची भेट शक्यच नव्हती, हे सिद्ध करावं लागतं. नवरा गोव्यात कामाला होता, एवढ्यावर भागत नाही. गणपतीला तो घरी येतोच की!

डीएनए अचूक, पण नुसत्या संशयावर मागून मिळत नाही. 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घटस्फोटाच्या भांडणात मुलाची चाचणी नाकारली. 2014 च्या एका खटल्यात मात्र डीएनएचा अहवाल हाती होता, तिथे विज्ञान ‘लग्नातलं मूल नवऱ्याचंच’ या गृहीतकाला भारी पडलं.

माझ्या मते दाखला असेल तर आईने चाचणीच्या नादी लागू नये. लग्नच झालेलं नसेल, तर डीएनएचं वजन एकदम वाढतं. पोटगीचा हक्क अशा मुलालाही आहेच.