बाथरूमच्या टाइल्स स्वतः लावताय? मग सिमेंट की ॲडेसिव्ह ते आधी ठरवा

टाइलचा रंग निवडण्यात लोक अख्खा दिवस घालवतात आणि ती भिंतीला चिकटणार कशाने याचा विचार मात्र अगदी शेवटी, गोणी आणायला निघाल्यावर करतात. मिस्त्री काम करणार असेल तर चालून जातं, त्याचा हात वाळू-सिमेंटचा माल आणि ॲडेसिव्ह (टाइल चिकटवायची तयार पावडर, पाण्यात कालवायची) या दोन्हीवर बसलेला असतो. पण थापी पहिल्यांदा आपणच धरणार असू तर इथेच निम्मं काम सोपं किंवा अवघड होतं. माझं मत आधीच सांगून टाकतो, भिंतीला ॲडेसिव्ह, आणि खालच्या फरशीचं प्रकरण वेगळं, त्यावर येतोच.

वाळू-सिमेंटच्या मालाचा मोठा फायदा म्हणजे थर चांगला १२-१५ मिमी जाड असतो, त्यामुळे भिंत थोडी वाकडी असली तरी माल कमी-जास्त करून टाइल ओळंब्यात आणता येते. स्वस्त पण पडतं आणि कुठेही मिळतं. पण गंमत अशी की हे कमी-जास्त करणं हेच तर खरं कसब आहे, ओल्या मालावर टाइल वजनाने खाली सरकते, ठोकून सरळ करायला गेलं की शेजारची हलते, आणि कोपऱ्यात माल पोचला नाही की तिथे पोकळ राहतं. वाळल्यावर थापीच्या मुठीने हलकं वाजवून बघितलं की डबडब आवाज येतो तो याच जागांचा.

ॲडेसिव्हमध्ये थर फक्त ३ ते ६ मिमी. दातेरी थापीने ओढलं की थराची जाडी आपोआप सारखी येते, अंदाज बांधायची गरजच नाही, नवख्या माणसाला यापेक्षा मोठी मदत काय पाहिजे. वरून गोणीवर सी२टीई (C2TE, ॲडेसिव्हचा दर्जा सांगणारी खूण) असं लिहिलेलं असेल तर त्यातल्या टी चा अर्थ टाइल सहज घसरत नाही, आणि ई म्हणजे पसरल्यावर टाइल बसवायला जरा जास्त वेळ मिळतो.

आता त्याची खोड ऐका. ॲडेसिव्हला भिंत आधीच सरळ लागते. दोन मीटरची ॲल्युमिनियमची पट्टी भिंतीला आडवी, उभी, तिरकी लावून बघा, मागे ३-४ मिमीपेक्षा जास्त फट दिसत असेल तर आधी गिलावा दुरुस्त करा आणि तो नीट वाळू द्या. खड्डे ॲडेसिव्हनेच भरून टाकू असा शहाणपणा नको, जाड थर सुकताना आकसतो आणि टाइल आत ओढली जाते. म्हणजे हिशोब असा की सिमेंटमध्ये मेहनत टाइल लावताना आणि ॲडेसिव्हमध्ये लावायच्या आधी, आणि माझ्या मते आधीची मेहनत कधीही बरी कारण ती सावकाश करता येते.

टाइल कोणती घेतलीय त्यावरही बरंच आहे. भिंतीची साधी सिरॅमिक टाइल १० टक्क्यांच्या वर पाणी शोषते, म्हणून सिमेंटवर लावायची असेल तर आधी भिजत घालतात, नाहीतर ती मालातलंच पाणी ओढून घेते. ॲडेसिव्हवर भिजवायची नाही, नुसती मागची धूळ पुसायची. व्हिट्रिफाइड टाइल मात्र अर्धा टक्का किंवा त्याहून कमी पाणी शोषते, साध्या सिमेंटला धरायला तिथे काही मिळतच नाही, त्यामुळे तिथे प्रश्नच संपला, ॲडेसिव्हच. जुन्या टाइल्सवर नवीन लावायच्या असतील तरी तेच, फक्त जुन्या घट्ट आहेत ना ते वाजवून बघा.

ॲडेसिव्ह वापरताना घाई कशाची करायची आणि कशाची नाही हे कळलं पाहिजे. बादलीत पाणी आधी, पावडर नंतर, मिसळून पाचेक मिनिटं ठेवायचं आणि परत ढवळायचं. भिंतीवर एका वेळी दोन-तीन टाइलपुरतंच ओढायचं, आणि मधे फोन वगैरे आला तर परत सुरू करताना बोट लावून बघायचं, बोटाला चिकटलं तर ठीक, कोरडी साय आली असेल तर सगळं खरवडून काढा, वरून पाणी मारून उपयोग नाही. पहिल्या काही टाइल्स लावल्या की एक उपटून मागे बघा, शॉवरच्या जागी निदान ९५ टक्के पाठ भरलेली हवी, नसेल तर टाइलच्या पाठीलाही पातळ हात द्या.

फरशीला मी घरच्या घरी करणाऱ्याला पूर्ण हो म्हणणार नाही. तिथे ढाळ लागतो, नाहणी ट्रॅपकडे (पाणी जायच्या जाळीकडे) दर मीटरला १० ते २० मिमी, आणि तो चुकला तर रोज आंघोळीनंतर वायपर मारत बसा. माल टाकून ढाळ काढायचं काम मिस्त्रीला द्या, त्यावर वॉटरप्रूफिंग करून घ्या (टाइल आणि ग्राउट, म्हणजे टाइलमधल्या फटींत भरायचा माल, पाणी अडवतात हा गोड गैरसमज आहे), ट्रॅप बंद करून किमान २४ तास पाणी साठवून बघा, आणि मग टाइल तुम्ही ॲडेसिव्हवर लावा. साइज छोटीच घ्या, ढाळावर मोठी टाइल बसतच नाही, ती कापावी लागते. भिंतीलाही ६०० बाय १२०० ची हौस नको, एकेक टाइल १५ किलोच्या आसपास जाते, एकट्याने धरून लेव्हल बघणार कशी?

ग्राउट सिमेंटचं की इपॉक्सी (रेझिनचं), तर इपॉक्सी डाग धरत नाही पण पटकन सेट होतं आणि वर राहिलेला थर नंतर निघता निघत नाही. पहिल्यांदा करताय तर भिंतीला सिमेंटचं घ्या, आणि इपॉक्सी वापरायचंच असेल तर फरशीपुरतं, थोडं थोडं मिसळून, एक जण भरतोय आणि दुसरा मागून पुसतोय अशा पद्धतीने. भिंत आणि फरशी मिळतात त्या कोपऱ्यात मात्र दोन्ही नको, तिथे सिलिकॉन.