विंडोजसोबत लिनक्स: ड्युअल बूट, व्हर्च्युअल मशीन की डब्ल्यूएसएल?

विंडोज ठेवून लिनक्स पण पाहिजे असेल तर रस्ते मुख्य चार: ड्युअल बूट (एकाच मशीनवर दोन्ही, चालू करताना एक निवडायची), व्हर्च्युअल मशीन (विंडोजच्या आत ॲपसारखा चालणारा नकली कॉम्प्युटर), डब्ल्यूएसएल (विंडोजमध्येच लिनक्स चालवायची मायक्रोसॉफ्टची सोय), नाहीतर बाहेरच्या एसएसडीवर वेगळं इन्स्टॉल. लोक आधी लिनक्सचा कुठला प्रकार, उबंटू की मिंट, यावर भांडत बसतात, पण ते नंतर. आधी एवढंच बघा की दोन्ही ओएस (ऑपरेटिंग सिस्टिम) एकाच वेळी लागणारेत का. लिनक्समध्ये कोड चालू आणि बाजूला एक्सेलची शीट उघडी, असं रोजचं काम असेल तर ड्युअल बूट विसरा. दर वेळी सगळं सेव्ह करा, रीस्टार्ट मारा, परत सगळे टॅब उघडा, हे सुरुवातीला हौसेनं होतं, मग कंटाळा येतो आणि माणूस एकाच ओएसमध्ये पडून राहतो, दुसरी नुसती जागा खात बसते.

मग ड्युअल बूट करायचं कशाला? तर हार्डवेअर पूर्ण मिळतं म्हणून. ८ जीबी रॅमचा लॅपटॉप असेल आणि त्यातली ४ व्हर्च्युअल मशीनला दिली तर विंडोज पण रडतं आणि आतलं लिनक्स पण. ड्युअल बूटमध्ये जी ओएस चालू आहे तिला सगळी ८. ग्राफिक्स कार्डचं तसंच, व्हर्च्युअलबॉक्ससारख्या व्हर्च्युअल मशीनच्या सॉफ्टवेअरमधल्या ओएसला तुमचं खरं कार्ड दिसतच नाही, एक साधं नकली कार्ड दिसतं, त्यामुळे थ्रीडी रेंडरिंग वगैरे तिथे करायच्या भानगडीत पडू नका. उलटा विचार करणाऱ्यांसाठी पण सांगतो, म्हणजे लिनक्स मेन ठेवून गेमपुरतं विंडोज व्हर्च्युअल मशीनमध्ये टाकू म्हणणारे: व्हॅलोरंटसारख्या गेमचं अँटी-चीट (चीटिंग पकडणारं सॉफ्टवेअर) थेट कर्नलमध्ये, म्हणजे ओएसच्या गाभ्यात बसतं, ते व्हर्च्युअल मशीनमध्ये चालू देत नाही, तिथे खरं विंडोजच लागतं.

आता ड्युअल बूटचे ताप. पहिला बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्क कुलूपबंद करणारं एन्क्रिप्शन. हल्लीच्या बऱ्याच लॅपटॉपवर ते आधीपासून चालू असतं आणि मालकाला पत्ता नसतो. तुम्ही बायोसमध्ये (मशीन चालू होतानाच्या सेटिंगमध्ये) जाऊन सिक्युअर बूट, म्हणजे फक्त सही असलेली ओएसच चालू होऊ देणारी सोय, बंद केलीत की पुढच्या वेळी विंडोज निळा स्क्रीन दाखवून ४८ आकडी रिकव्हरी की मागू शकतं, ती नसेल तर डेटा अडकून पडू शकतो. म्हणून काहीही हात लावायच्या आधी मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये जाऊन ती की बघा आणि कागदावर उतरवून ठेवा, त्याच लॅपटॉपवर नोटपॅडमध्ये नाही! आणि खरं तर उबंटू, फेडोरा, मिंट यांना सिक्युअर बूट बंद करायची गरजच पडत नाही सहसा, जुने व्हिडिओ बघून लोक उगाच बंद करतात.

दुसरा ताप फास्ट स्टार्टअप. विंडोज ८ पासून हे आलं. तुम्ही शटडाउन दाबता पण विंडोज पूर्ण बंद होत नाही, कर्नलची चालू अवस्था डिस्कवर साठवून (हायबरनेट करून) ठेवतं, त्यामुळे लिनक्समधून सी ड्राइव्ह उघडली की फाइल वाचता येते पण सेव्ह होत नाही, रीड-ओन्ली म्हणून सांगतं. गंमत म्हणजे रीस्टार्ट करून लिनक्समध्ये आलात तर सगळं व्यवस्थित चालतं, कारण रीस्टार्टला हे फास्ट स्टार्टअप लागूच होत नाही, म्हणून लोकांना वाटतं कधी चालतं कधी नाही, डिस्क खराब झाली बहुतेक. डिस्क बरी आहे, पॉवर ऑप्शन्समधली ती टिक काढा.

घड्याळ पण चुकतं, एक ओएस मदरबोर्डवरची वेळ लोकल धरते आणि दुसरी यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ), लिनक्सला एक कमांड दिली की मिटतं. अपडेटची धास्ती मात्र खरी आहे. ऑगस्ट २०२४ च्या विंडोज अपडेटनंतर सिक्युअर बूट चालू असलेल्या कितीतरी ड्युअल बूट मशीनवर लिनक्स बूटच होईना, एसबॅटचा (सिक्युअर बूटमधल्या एका तपासणीचा) एरर यायचा. तुमची काही चूक नसताना असं होऊ शकतं, त्यामुळे दुसऱ्या दिवशी सबमिशन असलेल्या मशीनवर हे धरूनच चाला.

लॅपटॉपमध्ये दुसरा एसएसडी बसत असेल तर माझं मत सरळ आहे, एका डिस्कचे तुकडे करण्यापेक्षा लिनक्सला आख्खी वेगळी डिस्क द्या. बाहेरचा यूएसबी एसएसडी पण चालतो, फक्त एक लोचा आहे, इन्स्टॉलर कधी कधी ओएस बाहेरच्या डिस्कवर टाकतो आणि बूटलोडर (ओएस सुरू करणारा छोटा प्रोग्राम) मात्र आतल्या डिस्कच्या ईएफआय पार्टिशनमध्ये, म्हणजे बूटच्या फाइल असतात त्या छोट्या भागात. मग ती डिस्क दुसऱ्या मशीनला लावली की बूट होत नाही. शक्य असेल तर इन्स्टॉल करताना आतली डिस्क काढूनच ठेवा.

नुसतं शिकायचं असेल, मोडतोड करायची असेल तर व्हर्च्युअल मशीनला तोड नाही. स्नॅपशॉट (मशीनच्या त्या क्षणाच्या अवस्थेची नोंद) घ्या, वाट्टेल ते उडवा, परत मागे या. व्हर्च्युअलबॉक्स फुकट आहेच, व्हीएमवेअर वर्कस्टेशन प्रो पण २०२४ पासून फुकट झालंय. १६ जीबी रॅम असेल तर बिनधास्त.

आणि डेव्हलपर लोकांनो, टर्मिनल, गिट, पायथन, डॉकर एवढंच पाहिजे असेल तर आधी डब्ल्यूएसएल २ बघा, त्यात खरं लिनक्स कर्नल आहे आणि विंडोज ११ वर लिनक्सचे खिडकीवाले ॲप पण उघडतात. प्रोजेक्टच्या फाइल सी ड्राइव्हवर ठेवू नका मात्र, लिनक्सच्या होम फोल्डरमध्ये ठेवा, नाहीतर गिट स्टेटसला पण ताटकळत बसाल. पूर्ण लिनक्स डेस्कटॉप वापरायची हौस यात भागत नाही, आणि यूएसबीला जोडलेलं डिव्हाइस थेट दिसत नाही, वेगळा टूल टाकावा लागतो.

काढून टाकायची वेळ आली तर? व्हर्च्युअल मशीन आणि डब्ल्यूएसएल डिलीट केलं की विषय संपला. ड्युअल बूटमध्ये लोक विंडोजमधून लिनक्सचं पार्टिशन उडवतात आणि पुढच्या बूटला काळ्या स्क्रीनवर नुसता ग्रबचा (लिनक्सच्या बूटलोडरचा) प्रॉम्प्ट येतो. घाबरायचं नाही, विंडोज शाबूत असतं. बायोसमध्ये जाऊन विंडोज बूट मॅनेजर पहिल्या नंबरवर घ्या, आणि पुढच्या खेपेला पार्टिशन उडवायच्या आधीच हे करा.