पायातली रक्ताची गुठळी: जुनी गोळी घ्यावी की नवी?

डॉप्लरमध्ये (शिरांच्या सोनोग्राफीत) मांडीच्या किंवा पोटरीच्या खोल शिरेत रक्ताची गुठळी दिसली की नागपूरच्या धंतोलीतल्या दवाखान्यात पुढचा प्रश्न हाच येतो: रक्त गोठू न देणारी जुनी गोळी वॉरफरिन की नवीन गोळी? दोन्ही गोळ्या गुठळी विरघळवत नाहीत. त्या तिला वाढू देत नाहीत, फुप्फुसात जाण्याचा धोका कमी करतात. विरघळवण्याचं काम शरीर हळूहळू करतं. म्हणूनच उपचार किमान ३ महिने चालतो.

वॉरफरिन आणि तिच्याच जातीची ॲसिट्रॉम स्वस्त आहेत, पण त्यांचा खरा खर्च रक्त तपासणीत जातो. आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा आकडा, २ ते ३ च्या मध्ये राहायला हवा. सुरुवातीला गोळीसोबत निदान ५ दिवस हेपरिनची (रक्त गोठू न देणाऱ्या औषधाची) इंजेक्शनं लागतात, कारण गोळीचा असर यायला वेळ लागतो. पालेभाजी बंद करायची नाही, प्रमाण सारखं ठेवायचं. हिवाळ्यात मेथी-पालक रोज ताटात आणि उन्हाळ्यात महिनाभर नावही नाही, असं झालं की आयएनआर हलतो. काटोल-उमरेडहून दर तपासणीसाठी नागपूरला यावं लागणाऱ्या म्हाताऱ्या माणसाचे हाल मला बघवत नाहीत.

नव्या गोळ्या, म्हणजे रिव्हारोक्साबॅन आणि ॲपिक्साबॅन, यांना आयएनआर लागत नाही. रिव्हारोक्साबॅन पहिले २१ दिवस १५ मिलिग्रॅम दोनदा, मग २० मिलिग्रॅम एकदा, आणि तीही भरल्या पोटीच. उपवास करणाऱ्या आईसाठी मी ॲपिक्साबॅनबद्दल विचारेन: ७ दिवस १० मिलिग्रॅम दोनदा, मग ५ मिलिग्रॅम दोनदा, जेवणाची अट नाही. पेटंट संपल्यावर भारतीय कंपन्यांच्या गोळ्या आल्या, त्यामुळे आता या परवडतातही. मात्र डोस चुकवून चालत नाही, एका दिवसातच असर उतरतो.

बहुतेकांनी नवीच घ्यावी, असं माझं ठाम मत आहे. पण हृदयात धातूची झडप असेल किंवा अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोम (रक्तात सहज गुठळ्या होण्याचा आजार) असेल तर वॉरफरिनच. किडनी फार कमजोर असेल तर क्रिएटिनिन (किडनीची रक्त तपासणी) पाहून डॉक्टर ठरवतील. गरोदर बाईला दोन्ही नकोत, हेपरिनचीच इंजेक्शनं. घरात सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार) असेल, आणि आपल्या विदर्भात तो बऱ्याच घरांत आहे, तर तेही डॉक्टरांना सांगा; त्यात गुठळीचा धोका वाढतो.

कोणतीही गोळी चालू असो, गुडघा दुखला म्हणून डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन मनाने घेऊ नका, रक्तस्राव होऊ शकतो. आणि अचानक दम लागला, छातीत कळ आली, खोकल्यात रक्त पडलं, तर ओपीडीची वाट न बघता नागपूरची मेडिकल, मेयो ही सरकारी रुग्णालयं किंवा जे जवळ असेल तिथली कॅज्युअल्टी गाठा.