युनिटी की अनरियल? टेक्निकल आर्ट शिकायला आधी कुठलं धरायचं

निपाणीच्या मावसभावाची बारावी झाली, त्याला गेमचं टेक्निकल आर्ट शिकायचंय आणि गेले आठ दिवस तो एकच विचारतोय, "ताई, युनिटी शिकू की अनरियल, एक काय ते सांग की." युनिटी आणि अनरियल म्हणजे गेम बनवायची दोन सॉफ्टवेअरं, त्यांना इंजिन म्हणतात. मी दोन वर्षं टेक्निकल आर्टच शिकतेय, दीड वर्ष जास्त करून युनिटी आणि आता सहा महिने अनरियल, तर दोन्हीकडं काय अनुभव आला ते सगळं सांगते, त्याच्यासारख्या अजून कुणाचं ठरायचं असेल तर त्यांनाही उपयोग होईल.

आधी हे काम म्हणजे काय ते, कारण आमच्या घरी कुणालाच कळत नव्हतं. पप्पा बेळगावच्या उद्यमबागेत फाउंड्रीत पॅटर्न शॉपला आहेत, म्हणजे ज्या नमुन्यावरून ओतकामाचा साचा घेतात तो बनवायला, त्यांना समजावलं तर तेच म्हणाले की मग हे पॅटर्नमेकरचंच काम झालं की. आणि खरंच तसंच आहे बघा. ड्रॉइंग एकाचं, ओतकाम दुसऱ्याचं, आणि मधल्या माणसाला दोन्हीतलं कळावं लागतं, बीड (ओतीव लोखंड) थंड होताना साधारण एक टक्का आकसतं म्हणून पॅटर्न तेवढा मोठा ठेवायचा हे त्यालाच ठाऊक असतं. गेममध्ये आर्टिस्ट सुंदर मॉडेल देतो, प्रोग्रामर म्हणतो फोनवर हे चालणार नाही, तर मधे बसून शेडर (पृष्ठभाग कसा दिसेल ते ठरवणारा कोड) करायचे, टेक्स्चरचं, म्हणजे मॉडेलवर चढवायच्या चित्रांचं वजन उतरवायचं, आर्टिस्टचे तास वाचवणारी छोटी टूल्स लिहायची, हे आपलं काम. सेकंदाला 60 फ्रेमचा, म्हणजे 60 चित्रांचा गेम असेल तर एका फ्रेमला साधारण 16 मिलिसेकंद मिळतात, 30 चा असेल तर 33, सगळं त्यात बसवायचं.

दोन्ही इंजिनांत मी मुद्दाम एकच सीन केला, म्हणजे तुलना तरी खरी होईल. खानापूरकडं माझं आजोळ, तिथली चिऱ्याची भिंत, वर कौलं, आणि जूनचा पाऊस. ओली भिंत म्हणजे नुसती चमक वाढवायची असं मला वाटलं होतं, तसं केलं तर भिंत प्लास्टिकची दिसायला लागली. मग पावसात उभी राहून नीट बघितलं तेव्हा कळलं की जांभा दगड पाणी पितो, आधी तो गडद होतो, चमक नंतर येते, आणि तीसुद्धा जिथं पाणी साचतं तिथंच. कौलाचं वेगळं, जुन्या कौलावर शेवाळ असतं. हे समजलं की शेडर सोपा आहे, मूळ रंग गडद करा, खडबडीतपणा हळूहळू कमी करा, आणि वर तोंड करून असलेल्या पृष्ठभागावर जास्त ओल द्या.

युनिटीत हे शेडर ग्राफमध्ये नोड (छोटे ठोकळे) जोडून केलं, मग तेच कोडमध्ये, एचएलएसएल या शेडरच्या भाषेत लिहिलं. कोड लिहिताना प्रत्येक ओळ काय करते ते समजतं, फाइल सेव्ह केली की लगेच भिंतीवर दिसतं, आणि मला सगळ्यात जास्त शिकायला मिळालं ते इथंच. फ्रेम डीबगरमध्ये एकेक ड्रॉ कॉल (वस्तू काढायची आज्ञा) पुढं सरकवून चित्र कसं तयार होतं ते बघता येतं, ते एकदा तरी बघाच. भावाच्या जुन्या अँड्रॉइडवर टाकलं तर फ्रेम पडायला लागले, मला वाटलं भिंत जड आहे, पण खरं कारण पावसाचे कण, पारदर्शक थरावर थर, तोच पिक्सेल पुन्हा पुन्हा रंगवला जात होता. कण कमी केले, काम झालं. युनिटीत अडचण ही की लायटिंग आपोआप देखणं होत नाही, त्यावर बसावं लागतं, आणि रेंडर पाइपलाइन (चित्र काढायची पद्धत) दोन-तीन प्रकारच्या असल्यामुळं जुने ट्युटोरियल बघून नवं प्रोजेक्ट केलं की मटेरियल गुलाबी होतं आणि नवीन माणूस घाबरतो.

अनरियलमध्ये पहिल्याच संध्याकाळी भिंत इतकी छान दिसली की आईला बोलावून दाखवली. लुमेन या अनरियलच्या लायटिंगमुळं अंगणातला उजेड भिंतीवर परत येतो, मटेरियल इन्स्टन्स (त्याच मटेरियलची बदलता येणारी प्रत) केला की ओल कमीजास्त करायला नुसता स्लायडर, आर्टिस्टच्या हातात द्यायला हे फारच चांगलं. कुठलं मटेरियल किती जड आहे ते हिरव्या-लाल रंगात दाखवणारा व्ह्यूही आहे. पण लॅपटॉप! माझा 16 जीबी रॅमचा, तरी शेडर कंपाइल होताना चहा पिऊन येते, आणि पावसाळ्यात मधेच लाइट गेली की बॅटरीवर ते काम पुढं सरकत नाही. इंजिन डाउनलोड करायलाच कित्येक जीबी लागतात, मोबाइल डेटावर असाल तर आधी वायफायवाल्या मित्राचं घर बघून ठेवा. आणि नॅनाइट ही अनरियलची सोय मॉडेलचा बारकावा आपोआप कमीजास्त करते, त्यामुळं पॉलिगॉन (मॉडेल ज्यांचं बनतं ते छोटे तुकडे) मोजायची सवयच लागत नाही, फोनसाठी गेम करायचा असेल तेव्हा ही कमी लगेच कळते.

एका इंजिनातून दुसऱ्यात जाताना माझे तीन दिवस गेले ते वाचवा. युनिटीत वरची दिशा वाय, अनरियलमध्ये झेड, म्हणून माझी ओल भिंतीच्या बाजूला चढली होती. युनिटी स्मूथनेस मागते, अनरियल रफनेस, म्हणजे बरोबर उलटं. आणि नॉर्मल मॅपचा (खड्डे-उंचवटे भासवणाऱ्या चित्राचा) हिरवा चॅनल दोन्हीकडं एकमेकांच्या उलट असतो, तो फिरवला नाही तर चिऱ्यातले खड्डे फुगल्यासारखे दिसतात.

पैशाचं म्हणाल तर शिकायला दोन्ही फुकट. अनरियल एका गेमची कमाई 10 लाख डॉलरच्या पुढं गेली की वरच्या रकमेवर 5 टक्के घेतं. युनिटीनं 2023 मध्ये इन्स्टॉलमागं फी जाहीर केली होती, केवढा गोंधळ झाला, 2024 मध्ये ती मागं घेतली. विद्यार्थ्यानं यावरून इंजिन ठरवू नये असं मला वाटतं.

नोकरीचं मात्र नीट बघा. आपल्याला बेळगावहून पुणं आणि बेंगळुरू दोन्ही रात्रीच्या बसचं अंतर, आणि मराठी-कन्नड दोन्ही येणाऱ्या पोरांना तर कुठंच अवघड नाही. पुण्यात युबिसॉफ्ट ही गेम कंपनी आहे, बेंगळुरूत रॉकस्टार आहे, आणि त्यांच्या मोठ्या गेमची इंजिनं त्यांची स्वतःची, तिथं युनिटी येतं का अनरियल यापेक्षा तुम्हाला फ्रेमचा वेळ कुठं खर्च होतो ते सांगता येतं का आणि पायथन ही कोडची भाषा येते का याला जास्त वजन. म्हणून ब्लेंडर (3डी मॉडेल करायचं सॉफ्टवेअर) आणि पायथन हे कुठलंही इंजिन धरलं तरी सोबत ठेवाच. माझं पहिलं टूल वीस ओळींचं होतं, शंभर मॉडेलची नावं एकसारखी करणारं, आणि त्या वीस ओळींनी मला मोठ्या शेडरइतकाच आनंद दिला.

तर माझं मत. 8 जीबीचा लॅपटॉप असेल, फोनचे गेम आवडत असतील, कोडची भीती नसेल, तर युनिटी, आणि वर्षभर तरी सोडू नका. घरी चांगला ग्राफिक्स कार्डवाला डेस्कटॉप असेल, चित्रकलेतून येत असाल आणि कोड बघून मन मागं सरत असेल, तर अनरियल, नोड आणि ब्लूप्रिंटमधून (कोड न लिहिता नोड जोडून गेम चालवायची अनरियलची सोय) सुरू करा. अर्धं हे अर्धं ते एकदम धरू नका, मी पहिल्या महिन्यात तसं केलं आणि दोन्हीकडं बटणं कुठं आहेत एवढंच शिकले.

मावसभावाला मी युनिटी सांगितलंय, त्याचा लॅपटॉप 8 जीबीचाच आहे. पहिलं काम दिलंय त्यांच्या शेतावरच्या पत्र्याच्या शेडचं, गंजलेला पत्रा पावसात कसा दिसतो ते आधी फोनमध्ये शूट कर, कोरडा आणि ओला दोन्ही, मग शेडर ग्राफ उघड.