सात महिने मनगटावर: वेळ चोख, झोपेचा नुसता अंदाज

जीपीएसवरून वेळ जुळवणारं आणि झोप मोजणारं हे घड्याळ सात महिने वापरतेय. कंपनीचं नाव मुद्दाम घेत नाही.

आधी वेळ. जुनं क्वार्ट्झ घड्याळ महिन्याला दहा-पंधरा सेकंद मागेपुढे व्हायचं. यातही क्वार्ट्झचा स्फटिकच आहे, सेकंदाला 32,768 कंपनं करणारा. पण उपग्रहांतल्या अणुघड्याळांशी ते रोज ताळा करून घेतं, म्हणून चूक साठत नाही. एकदाच गडबड झाली. रीसेट केल्यावर चक्क 18 सेकंद पुढे! बिघडलं म्हणून परत पाठवणार होते, तेवढ्यात उलगडा झाला. जीपीएसची वेळ 1980 पासून लीप सेकंद (पृथ्वीच्या फिरण्याशी जुळवायला रोजच्या वेळेत अधूनमधून घातलेला जादा सेकंद) न धरता चालत आलीय, त्यामुळे ती आपल्या रोजच्या वेळेच्या 18 सेकंद पुढे आहे. किती सेकंद वजा करायचे हा निरोप उपग्रहांकडून साडेबारा मिनिटांतून एकदा येतो. घड्याळ गच्चीत ठेवलं, आपोआप ताळ्यावर आलं. अणुघड्याळांतल्या सीझियम या धातूच्या अणूची 9,19,26,31,770 कंपनं मोजून ठरवलेला सेकंद, आणि त्यातले अठरा माझ्याकडे जास्तीचे!

झोपेचं तसं नाही. 'गाढ झोप 1 तास 12 मिनिटं' असं ते ठणकावून सांगतं, पण त्याला कळते ती फक्त हाताची हालचाल आणि नाडी. झोपेचे टप्पे खरे ठरतात मेंदूच्या विद्युतलहरींवरून. एकदा तासभर निपचित पडून वाचत होते, तर नोंद 'हलकी झोप'.

घेतलं होतं नवी भाषा शिकताना शब्द लक्षात राहावेत म्हणून. दिवसा शिकलेलं मेंदू झोपेत पुन्हा घोळवतो. 1994 मध्ये उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये, म्हणजे मेंदूच्या आठवणींशी संबंधित भागात, हे दिसलं होतं. जेन्किन्स आणि डॅलनबाख या मानसशास्त्रज्ञांच्या 1924 च्या प्रयोगात तर दोनच विद्यार्थी होते, पण पाठ केलेली निरर्थक अक्षरं जागं राहण्यापेक्षा झोपेनंतर जास्त आठवली. माझ्या वहीतही सहा तासांपेक्षा कमी झोपेनंतर चुका जास्त दिसतात. अर्थात त्या दिवशी मी दमलेलीही असते, तेव्हा दोष नेमका कशाचा ते सांगता येत नाही.

खरा त्रास घड्याळ रोज सकाळी रात्रीच्या झोपेला देतं त्या गुणांचा. उठल्यावर ताजंतवानं वाटायचं, घड्याळ म्हणायचं 54, की लगेच जांभया सुरू. शेवटी गुण दाखवणंच बंद केलं. झोपायची-उठायची वेळ तेवढी बघते, ती बरीचशी बरोबर असते.

चार्जिंग चार दिवसांनी. पट्टा घामानं खाजतो, तो बदलला.

अलार्म आता उठण्याचा नाही, झोपायला जाण्याचा लावते. तो सेकंदाला चुकत नाही, मी मात्र वीसेक मिनिटं चुकते.