मरणाच्या परवान्यावर प्रेम: ‘व्हॉट हॅपन्ड टू द वुल्फ?’ आणि शेजारचे बर्मी सिनेमे

बर्मी विनोदी सिनेमात क्वीअर, म्हणजे समलिंगी किंवा पारलिंगी, पात्राची वानवा कधीच नव्हती. भडक लिपस्टिक, लचकतं मनगट, ब्यूटी पार्लरमधली नोकरी. नायकाच्या गळ्यात पडायचं, चार हशे मिळवायचे आणि गायब व्हायचं, एवढंच त्याचं काम. अशा पात्राला हाक मारायला ‘अचौक’ ही बायकी पुरुषासाठीची शिवी तयारच असते. ही परंपरा माहीत असली की दिग्दर्शक ना जी यांचा २०२१ चा ‘व्हॉट हॅपन्ड टू द वुल्फ?’ काय धाडस करतो ते लगेच कळतं: दोन बायकांचं प्रेम तो एकदाही हशासाठी वापरत नाही.

गोष्ट साधी आहे. वेगवेगळ्या थरांतल्या दोघी इस्पितळात भेटतात. दोघींचा आजार बरा न होणारा. ओळख वाढते आणि तिचं प्रेम होतं. एन्द्रा जॉ झिन आणि पाइंग फ्यो तू या दोघींनी या भूमिका केल्या आहेत. त्यातली पाइंग फ्यो तू शिक्षणाने डॉक्टर, इथे रुग्ण. फेब्रुवारी २०२१ मध्ये लष्कराने सत्ता बळकावली आणि एप्रिलमध्ये एन्द्रा जॉ झिनला अटक झाली. सप्टेंबरमध्ये जर्मनीतल्या ओल्डेनबर्ग महोत्सवाने तिला अभिनयाचं पारितोषिक दिलं, तेव्हा ती तुरुंगात होती. या बातमीचं वजन सिनेमावर पडतं, आणि बऱ्याच जणांनी सिनेमापेक्षा बातमीचंच कौतुक केलं. आपण सिनेमाकडे वळू.

मोठी तक्रार पटकथेच्या पायाबद्दल आहे. दोघींना प्रेम करायची मुभा मिळते ती मरण जवळ आल्यावर. मरणाऱ्या माणसाला घरचे फार बोलत नाहीत, समाज हिशेब मागत नाही, आणि पुढे संसार कसा करणार हा प्रश्नच उरत नाही. म्यानमारमध्ये समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम ३७७ अजून जिवंत आहे. इंग्रजांनी दिलेलं तेच कलम, तोच आकडा, शिक्षा तुरुंगवासाची. भारतात २०१८ मध्ये त्याचा दात उपटला गेला, तिथे नाही. अशा ठिकाणी कथेने मृत्यूची आड घेणं समजू शकतं. पण आड ती आडच. दोघी ठणठणीत असत्या तर पटकथेला घर, शेजार, पोलिस हे सगळं लिहावं लागलं असतं.

मनाच्या दुखण्याचंही तेच. बर्मीत नैराश्याला ‘सेइ च्या यॉगा’ म्हणतात. नीट ऐकलं तर मराठी माणसाला हे शब्द ओळखीचे लागतील: ‘सेइ’ म्हणजे पालीतलं चित्त, ‘यॉगा’ म्हणजे रोग (बर्मीत र चा य होतो) आणि ‘च्या’ म्हणजे पडणं. चित्त पडण्याचा रोग. इतका नेमका शब्द हाताशी असताना सिनेमा मात्र पडलेलं चित्त थेट दाखवायला बिचकतो. त्याला शरीराचा आजार लागतो. छातीत काय बिघडलंय याला तपासण्या आहेत, औषधं आहेत; जगायची इच्छाच गेली त्याचं काय, हे फक्त सुस्काऱ्यांतून कळतं. देशातला मनोरुग्णांचा कायदा १९१२ चा, नावातच ‘वेड’ असलेला. समुपदेशकाच्या खोलीतला प्रसंग बर्मी पडद्यावर विरळ का, याचं निम्मं उत्तर तिथे आहे. ना जींनी याआधी, २०१८ मध्ये, ‘मी’ हा सिनेमा केला होता. ची ए या डॉक्टर लेखिकेच्या कादंबरीवरचा. तिथली मनस्वी नायिका मला जास्त धीट वाटते, कारण तिच्या वागण्याचं कारण शोधून देण्याची घाई तिथे कमी आहे.

आता सबटायटल्स, कारण खरी गळती तिथे होते. बर्मीत ‘मी’ या सर्वनामाला लिंग आहे. सभ्य बोलण्यात पुरुष स्वतःला ‘चनॉ’ म्हणतो आणि वाक्य ‘खाम्या’ने संपवतो, बाई ‘चमा’ म्हणते आणि ‘शिन’ने संपवते. पारलिंगी स्त्री ‘शिन’ म्हणते तेव्हा तिने स्वतःची ओळख सांगून टाकलेली असते. इंग्रजीत त्याचा नुसता ‘आय’ होतो, म्हणजे पुरता सपाट. उलट ‘थू’ हे तृतीयपुरुषी सर्वनाम तो आणि ती दोघांना चालतं, तिथे इंग्रजी अनुवादकाला ‘ही’ किंवा ‘शी’ निवडावंच लागतं आणि बोलणाऱ्याने न सांगितलेलं लिंग पडद्यावर छापलं जातं. ‘मी जातो’ आणि ‘मी जाते’ यांतला फरक रोज जगणाऱ्या मराठी प्रेक्षकाला हे चटकन जाणवेल. वाचत असतानाही वाक्याच्या शेपटीकडे कान ठेवा.

‘वुल्फ’ एकटा बघू नका, शेजारी ठेवून बघा. लिंडसे मेरिसन यांचा ‘फ्रेंड्स इन हाय प्लेसेस’ (२००१) नॅट गडॉंवर आहे, म्हणजे अंगात नॅट (बर्मी लोकदैवतं) येणाऱ्या माध्यमांवर. त्यांत पारलिंगी आणि समलिंगी माणसं बरीच. मंडालेजवळच्या ताउंगब्योनच्या जत्रेत त्यांना मान मिळतो. त्या मानाची हद्द कुठे संपते, हे बघण्यासारखं आहे. ‘इरावडी मॉन आमूर’ (२०१५) इटालियन दिग्दर्शकांचा, मोठ्या रांजणांसाठी प्रसिद्ध असलेल्या चौक म्याउंगमधल्या दोन पुरुषांच्या लग्नाचा. गोड आहे, जरा जास्तच गोड. त्याच वर्षीचा ‘धिस काइंड ऑफ लव्ह’ आउंग म्यो मिन यांच्यावर आहे. ते उघडपणे समलिंगी असलेले मानवी हक्क कार्यकर्ते, पुढे २०२१ मध्ये लष्कराविरोधातल्या सरकारचे मंत्री झाले. माहितीसाठी उत्तम, सिनेमा म्हणून सरळधोपट.

‘म्यानमार डायरीज’ (२०२२) मात्र ‘वुल्फ’च्या जोडीने एका रात्रीत लावू नका. दहा दिग्दर्शक, सगळे निनावी. मोबाइलवर टिपलेल्या खऱ्या अटका आणि मधेमधे काल्पनिक छोट्या गोष्टी. बर्लिनच्या चित्रपट महोत्सवात त्याला माहितीपटाचं पारितोषिक मिळालं. चेहरे दाखवायचे नाहीत या सक्तीतूनच घुसमटीचं चित्रण उभं राहिलंय: मान, पाठ, हात, बंद खोली. आजाराचं नाव कुणी घेत नाही, तरी चित्त पडलेलं दिसतं.

वेळ कमी असेल तर ह्निन ए ह्लाइंग यांचा ‘बर्मीज बटरफ्लाय’ (२०११) शोधा. हा यंगून फिल्म स्कूलचा छोटासा माहितीपट आहे. केस कापण्याचा व्यवसाय करणारी एकविशीतली व्यक्ती बालपण आणि किशोरवय कसं गेलं ते सांगते. पुन्हा पार्लरच, पण या वेळी बोलतंय ते पात्र, आणि स्वतः न मरता, कुणाला न हसवता.

‘वुल्फ’ला पाचपैकी साडेतीन. अर्धा त्यातला दोन्ही नट्यांचा.