दुसरा राउटर आणि स्टॅटिक राउट: अख्खा पावसाळा वापरल्यानंतर

फोंड्याजवळ आमचं जुनं चिऱ्याचं घर. भिंती एवढ्या जाड की पुढच्या खोलीतलं वायफाय मागच्या पडवीतही धड पोचत नाही. मागे भावाचं डीटीपीचं ऑफिस आहे. तिथे केबल ओढून दुसरा राउटर बसवला, पण नेटवर्क मुद्दाम वेगळं ठेवलं. गिऱ्हाईकं वायफायचा पासवर्ड मागतात, त्यांचे मोबाइल घरच्या प्रिंटरपर्यंत पोचायला नकोत. दोन्ही नेटवर्कचे पत्ते: घर १९२.१६८.१.०, ऑफिस १९२.१६८.२.०.

ऑफिसचं स्टोरेज (नेटवर्कवरची फाइलींची डिस्क) घरून उघडायचं, तर घरच्या राउटरला तिकडची वाट हाताने लिहून सांगावी लागते. हाच स्टॅटिक राउट. रकाने चारच: डेस्टिनेशन म्हणजे जायचं ते नेटवर्क १९२.१६८.२.०, मास्क (पत्त्याचा किती भाग नेटवर्कचा ते सांगणारा) २५५.२५५.२५५.०, गेटवे म्हणजे पुढचा दरवाजा १९२.१६८.१.२ (ऑफिसच्या राउटरचा घराकडचा पत्ता) आणि इंटरफेस लॅन, म्हणजे राउटरची घराकडची बाजू. डेस्टिनेशनला शेवटी शून्यच हवा, कारण तो अख्ख्या नेटवर्कचा पत्ता. ऑफिसच्या राउटरवर नॅट (आतल्या यंत्रांच्या पत्त्याऐवजी राउटरने स्वतःचा पत्ता लावणं) बंद केलं आणि फायरवॉलमध्ये, म्हणजे नको ती ये-जा अडवणाऱ्या भागात, घराकडून येणाऱ्याला वाट दिली. ऑफिसकडून घरच्या यंत्रांकडे सुरू होणारं कनेक्शन मात्र अडवलं. राखणदाराचं काम राउट करत नाही.

जूनमध्ये वीज दिवसातून कितीदा जाते ते इथल्यांना सांगायला नको. राउट एकदाही पुसला गेला नाही. पण १९२.१६८.१.२ हा पत्ता कायमचा बांधून ठेवलाय म्हणून हे निभावलं. डीएचसीपीने (पत्ते आपोआप वाटणाऱ्या सोयीने) वीज आल्यावर दुसराच पत्ता दिला असता, तर राउट जागेवर आणि पलीकडे कोणीच नाही.

खरा वैताग वेगळाच. पिंग (पलीकडचं यंत्र उत्तर देतं का ते बघायची चाचणी) जायचं, फाईल उघडायची नाही! घरच्या कॉम्प्युटरचं पॅकेट (माहितीचा तुकडा) घरच्या राउटरमार्गे जातं, उत्तर मात्र ऑफिसच्या राउटरकडून थेट कॉम्प्युटरला येतं. घरच्या राउटरच्या फायरवॉलला अर्धाच संवाद दिसतो, मग तो पुढची पॅकेटं टाकून देतो. शेवटी तोच राउट विंडोजमध्येही कायमचा घातला, तेव्हा कुठे फाइली उघडल्या.

विकत घेण्याआधी दोन गोष्टी बघा: स्टॅटिक राउटचा मेनू आहे का (कनेक्शनबरोबर मिळालेल्या आमच्या आधीच्या डब्यात नव्हता), आणि घरचा राउटर परक्या सबनेटलाही (मागच्या ऑफिससारख्या वेगळ्या नेटवर्कलाही) इंटरनेटसाठी नॅट करतो का. नाहीतर मागच्यांचं इंटरनेटच बंद. आमचा घरचा आताचा राउटर करतो, त्यामुळे त्याला पाचपैकी चार. एक गुण मदतीच्या पानाचा कापला. तिथे रकान्यांची नावंच पुन्हा छापलीत.

स्टोरेज विंडोजच्या नेटवर्क यादीत आपोआप दिसत नाही, पत्ता टाइप करावा लागतो. वहिनीला डेस्कटॉपवर शॉर्टकट करून दिलाय, ती प्रुफं घरूनच तपासते.